जगायला गेलेली माणसे

माणदेशात दुष्काळ पडला म्हणजे माणसे गाव सोडतात, आणि मागे राहिलेले त्यांच्याविषयी म्हणतात, "जगायला गेली." एवढ्या दोन शब्दांत सारी हकिगत येते, कुठे गेली, तेवढे मात्र येत नाही. आपल्या कादंबरीनेही हा प्रश्न फारसा विचारलेला नाही, अशी माझी तक्रार आहे. दोन पुस्तके शेजारी ठेवून ती मांडतो.

पहिले पुस्तक घरचे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली प्रसिद्ध झाली. धनगरांची लहानशी वाडी, तिथे आलेला कोवळ्या वयाचा मास्तर, वाडीचा कारभारी, गावाने राबून उभी केलेली तालीम, हे सारे मराठी वाचकाच्या घरातले होऊन गेले आहे. अखेरीस पाऊस दगा देतो. चारा संपतो, मेंढरे मरू लागतात, बिऱ्हाडे एकेक करून बाहेर पडतात. शाळेत मुले उरत नाहीत. मास्तरही निघतो आणि कादंबरी संपते. लेखक कुठे टाहो फोडत नाही, कुणाला दोष देत नाही. म्हणूनच ती ओस वाडी मनातून हलत नाही.

दुसरे पुस्तक अमेरिकेतले. जॉन स्टाइनबेक यांची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही कादंबरी १९३९ सालची. गव्हाच्या लोभाने तिकडच्या माळांवरचे गवत नांगरून काढले होते. १९३० नंतर पाऊस हटला आणि मोकळी झालेली माती वाऱ्यावर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ रोजी धुळीचे असे वादळ आले, की भरदिवसा काळोख झाला. त्या दिवसाला लोक अजून 'काळा रविवार' म्हणतात. ओक्लाहोमातले जोड कुटुंब ह्याच काळातले. पीक गेले, जमीन बँकेकडे गेली, कुळांच्या जागी ट्रॅक्टर आला. मग मोडक्या मोटारीवर चंबूगबाळे लादून हे लोक कॅलिफोर्नियाकडे निघतात. म्हातारा वाटेतच मरतो. त्याला रस्त्याकडेला पुरून, हा खून नव्हे, अशी चिठ्ठी बाटलीत घालून सोबत ठेवतात. पुढे आजीही वाळवंट ओलांडताना जाते, आणि पहाऱ्यावरल्या शिपायांनी गाडी अडवू नये म्हणून घरची बाई ती आजारी असल्याचे सांगून रात्रभर प्रेताशेजारी पडून राहते.

'बनगरवाडी' जिथे संपते, जवळजवळ तिथूनच हे पुस्तक सुरू होते. पोचल्यावर काय होते, हा त्याचा विषय. काम भरपूर आहे अशा छापील जाहिराती वाचून हजारो माणसे आलेली. माणसे फार म्हणून मजुरी उतरलेली. आणि 'ओकी' ही शिवी ह्यांच्या नावाला चिकटलेली. शेवटी तर अवर्षणातून पळालेली ही माणसे पुरात सापडतात.

कलेच्या दृष्टीने मला माडगूळकर अधिक जवळचे. स्टाइनबेक मधूनमधून गोष्ट थांबवून प्रवचन करतो, आणि त्याची माणसे कधीकधी साऱ्या देशाच्या वतीने बोलू लागतात. माडगूळकरांचा कारभारी फक्त स्वतःच्या तोंडाने बोलतो. पण स्टाइनबेकने एक गोष्ट केली. १९३६ साली वर्तमानपत्रासाठी लिहिताना तो कॅलिफोर्नियातल्या मजुरांच्या तळांवर गेला होता. माणसे जिथे पोचतात ते टोक त्याने पाहिले होते. आपले लेखक गावाचे टोक जाणतात. मास्तर वेशीपर्यंत येतो. पुढचे त्याला दिसत नाही.

विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'ने, १९९१ साली, ही वेस ओलांडली. उठलेल्या गावामागून ती नव्या वसाहतीपर्यंत गेली. पण ते धरणग्रस्त. त्यांच्या नावाचा कागद सरकारात असतो, म्हणून कादंबरीला त्यांचा माग लागतो. दुष्काळाने उठलेल्याला कागद नाही. 'दुष्काळग्रस्त' होतो तो तालुका. माणूस तालुक्याबाहेर पडला, की नुसता परगावचा मजूर. जगाचेही तसेच. निर्वासित कोणाला म्हणावे ह्याचा १९५१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात धर्म, वंश, राष्ट्रीयत्व, राजकीय मत यांपायी होणारा छळ आहे, आटलेली विहीर नाही.

हा अंक आपल्या हाती असेल, त्या सुमारास बीडकडच्या कोरडवाहू गावांतून ट्रॅक्टर निघत असतील. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊस तोडायला जातात. नवराबायको मिळून हिशेबात 'एक कोयता' धरला जातो. कोरड हे ह्याचे एकच कारण नव्हे, जमिनीचे तुकडे आणि कर्जही आहेच. जोड कुटुंबाचेही तसेच होते. दिवाळीची सुटी संपली, की अशा गावांतल्या हजेरीपटावर काही नावांपुढे ओळीने गैरहजेरी पडत जाते. मी मास्तर आहे. त्या ओळींचा अर्थ मला कळतो, पण त्या रकान्यात काय घडते ते लिहायला हजेरीपटाला जागा नसते.

ती जागा कादंबरीत असते. एखाद्या कथेत, आत्मकथनात ही माणसे भेटतातही. पण पाचटाच्या खोपीत रात्री दोनला उठून मोळ्या भरणाऱ्या बाईपासून जिचा आरंभ होईल आणि गावाची आठवण जिच्यात फक्त मधूनमधून येईल, अशी मोठी कादंबरी मला वाचायची आहे. ती लिहिणारा बहुधा शाळेच्या खुर्चीवरून उठणार नाही. तो त्या ट्रॅक्टरमध्ये बसून गेलेला असेल. त्याला निदान लिहितावाचता यावे, एवढी सोय त्याच्या लहानपणीच करून ठेवणे आपल्या हाती आहे.