मंगळवारची दोरी

आपल्या म्युनिकच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत मल्लखांबाला दहा मिनिटं मिळतात. आधी बालगोपाळांची नाट्यछटा, नंतर लावणी आणि मध्ये सभागृहाच्या तुळईला टांगलेल्या दोरीवर चार-पाच जणांची आसनं. टाळ्या भरपूर पडतात, सगळ्यांचे फोन वर होतात, एखाद्या काकू डोळे पुसतात आणि लगेच निवेदक जेवणाच्या कुपनांबद्दल सूचना देतो. संपादकांनी मला या दहा मिनिटांवर लिहायला सांगितलं होतं. पण त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. लिहिण्यासारखे आहेत ते वर्षभरातले मंगळवार. रात्री आठ ते साडेनऊ, एका शाळेची जुनी व्यायामशाळा, बघायला कुणी नाही आणि दोरीखाली रांगेत उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांना मराठी येत नाही.

जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आता आपली संख्या सर्वांत मोठी आहे. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात इथे ४९ हजारांहून अधिक भारतीय शिकत होते. त्यात इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला म्युनिकला आलेली पुण्या-मुंबईची, नाशिक-नागपूरची पोरं काही थोडीथोडकी नाहीत. पहिलं सत्र जातं खोली शोधण्यात, व्हिसा कार्यालयाच्या तारखेची वाट बघण्यात आणि ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला सुटणारे ९९२ युरो एकतीस तारखेपर्यंत पुरवण्यात. नशीब जोरावर असेल तर ऑलिंपिक गावात ‘बंगला’ मिळतो. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये महिला खेळाडूंची जिथे वस्ती होती, तिथे आज विद्यार्थ्यांसाठी अशा हजाराहून जास्त चिमुकल्या दुमजली खोल्या आहेत. दर्शनी भिंत ज्याने त्याने हवी तशी रंगवायची. त्या गल्ल्यांमध्ये मी विठोबाही पाहिलाय आणि त्याच्या शेजारी बायर्नचा गोलकीपरही.

खेळायची सोय उत्तम. विद्यापीठांचा क्रीडा विभाग जवळच, ऑलिंपिक पार्कात. सत्राच्या सुरुवातीला कोर्सची यादी निघते आणि बॅडमिंटनसारखे लाडके वर्ग बघता बघता भरतात. आपली मुलं मात्र उन्हाळ्यात टेनिस बॉलला टेप गुंडाळून क्रिकेट खेळतात आणि थंडीत कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जमून कांद्याची फोडणी देतात, स्मोक अलार्म वाजेपर्यंत. त्यात वाईट काही नाही. परक्या गावात पहिल्या डिसेंबरला दुपारी साडेचारला अंधार पडतो, तेव्हा आपल्या भाषेत शिव्या देणारं माणूस जवळ असणं ही चैन नाही, गरज आहे. फक्त दोन वर्षांनी डिग्री घेऊन निघताना विचारलं, की गावात ओळखीचे जर्मन किती, तर उत्तर येतं: लॅबमधला एक आणि बेकरीतली बाई.

इथला माणूस सहकाऱ्याला घरी बोलवायला वर्षं लावतो. पण फेराइनमधल्या माणसाचं घर बदलायचं असेल तर रविवारी सकाळी तो कपाट उचलायला दारात हजर. फेराइन म्हणजे नोंदणी केलेली हौशी संस्था. वर्गणी किरकोळ, कारभार सभासदांचा, मैदान किंवा सभागृह बहुधा नगरपालिकेचं. नुसते क्रीडा फेराइनच देशात ८० हजारांच्या वर आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जुन्या संस्थांचा जन्म कसरतीच्या तालमीतून झाला. फुटबॉलमुळे सगळ्यांना ठाऊक असलेला १८६० म्युनिकसुद्धा मुळात कसरतपटूंचाच. फुटबॉल तिथे आला १८९९ मध्ये. ही व्यवस्था ज्याला कळली त्याला जर्मनी कळायला लागला, असं माझं मत आहे.

आमच्यातल्या दादरच्या एका मुलाला ती लवकर कळली. शिवाजी पार्कातल्या समर्थ व्यायाम मंदिरात तो लहानपणी जायचा आणि दहावीच्या वर्षात घरच्यांनी त्याचं जाणं बंद केलं. ही गोष्ट आपल्याकडे इतक्या घरांत घडते की तिला दुःख म्हणायचीही सोय नाही. मीही पुण्यात आठवीपर्यंत दोरी केली होती. इथे आल्यावर त्याने आईकडून सुती दोर मागवला आणि आमच्या मोडक्या जर्मनमध्ये आम्ही दोघांनी वस्तीतल्या एका फेराइनला पत्र लिहिलं. पहिला प्रश्न आला विम्याचा. दुसरा, दोर कशाला बांधणार याचा. तिसरा, जमिनीला डाग पडणार का? जिम्नॅस्टिक्सच्या रिंगा टांगायचे हूक छताला होतेच. सभासद झालो की विमा आपोआप लागू होत होता. डागांचं उत्तर आम्ही मोघम दिलं, कारण तेव्हा खांबाचा विचारही केला नव्हता.

दोरी मल्लखांब बघणाऱ्याला वाटतं तसा हाताच्या जोरावर चालत नाही. साडेपाच मीटरचा बोटभर जाडीचा दोर, पूर्वी त्या जागी वेत असायचा. पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर धरायचा, कंबर उचलायची, मग पोटरी, मांडी, कंबर असे वळसे घेत आसनात जायचं. गाठ कुठेही मारायची नाही. अंगाचं वजनच वळसे आवळून धरतं, आणि वळसा उलटा पडला तर तेच वजन माणसाला खाली आणतं. शिकवताना आम्ही ओरडतो तेही ‘अंगठा, अंगठा!’ एवढंच.

हे पहिल्यांदा बघायला आली ती गिर्यारोहणवाली मंडळी. आल्प्स तासाभरावर असल्यामुळे म्युनिकमध्ये दर तिसरा विद्यार्थी बोल्डरिंग करतो की काय असं वाटतं. त्यांची बोटं पोलादी, त्यामुळे ती सरसर वर चढली आणि वर जाऊन म्हणाली, आता काय? इथल्या शाळांमधून चढायचे दोर आणि खांब पूर्वीपासून आहेत. दोर चढण्याची शर्यत तर १९३२ पर्यंत ऑलिंपिकमध्ये होती. तो खेळ वर पोचण्याचा, घड्याळ लावून. आपल्या खेळात पोचायचं कुठेच नाही. अडीच मीटरच्या खांबाभोवती अंग किती तऱ्हांनी गुंफता येतं, एवढाच प्रश्न. त्यांना तो विचित्र वाटला आणि म्हणूनच आवडला. गुडघ्यामागे दोर घासून लाल वळ उठल्यावर हातमोजे, लेगिंग्ज का नाहीत असं त्यांनी विचारलं. कातडीच दोर धरते, कापड नाही, हे दुसऱ्या आठवड्यात कुणाला सांगावं लागलं नाही.

मग खांब. सागवान मागवायचा तर वाहतुकीच्या खर्चात महिन्याचं भाडं निघेल. आमच्यातल्या मेकॅनिकलवाल्याने चित्र काढलं: खाली घेर पंचावन्न सेंटिमीटरच्या आसपास, वर निमुळता होत जाणारा, मग मान आणि टोकाला बोंड. फेराइनमधल्या एका सुताराने ते बघून चष्मा काढला, पुन्हा घातला आणि बीचच्या लाकडात खांब उतरवून दिला. जमीन खणायला परवानगी मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून बुडाला पोलादी बैठक आणि तिच्यावर वजनं. बीच सागासारखा नाही, तेल वेगळं पितो. आणि तेल म्हणजे एरंडेल. इथे ते औषधांच्या दुकानात छोट्या बाटल्यांमधून मिळतं, पोट साफ करायला. एकदम दहा बाटल्या मागणाऱ्या विद्यार्थ्याकडे दुकानदारीणबाईंनी ज्या नजरेने पाहिलं, ती पाहून आमचाच चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. डागांचा प्रश्न तेव्हा पुन्हा निघाला. जाड ताडपत्री आणि सराव संपल्यावर सगळ्यांनी मिळून फरशी पुसणं, यावर तो मिटला.

आपल्याकडे एक गोष्ट मोठ्या हौसेने सांगितली जाते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवा जन्म दिला, पुढे त्यांच्या शिष्यपरंपरेचे आखाडे काशीला झाले, तिथे एका जर्मन जोडप्याने तो पाहिला आणि त्यातून जर्मन जिम्नॅस्टिक्स निघालं. बाळंभटदादांचं श्रेय निर्विवाद आहे. मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त असला, तरी आज आपण करतो त्या विद्येची परंपरा दादांपासून सुरू होते. पण गोष्टीचा जर्मन भाग तारखांवर टिकत नाही. गुट्समुट्स या जर्मन लेखकाचं कसरतीवरचं पुस्तक १७९३चं, आणि फ्रीडरिश लुडविग यानने बर्लिनच्या हाझेनहाइडे मैदानात खुली तालीम उघडली ती १८११ मध्ये, पेशवाई बुडण्याच्या सात वर्षं आधी. पुण्यात आणि बर्लिनमध्ये जवळपास एकाच सुमारास दोन माणसं तरण्या पोरांना लाकडावर चढवत होती, एकमेकांचं नावही ठाऊक नसताना. पुढे प्रशियाच्या सरकारने राजकीय संशयावरून यानच्या तालमींवर १८२० पासून १८४२ पर्यंत बंदी घातली. तालमीतली पोरं सरकारला नेहमीच संशयास्पद वाटतात, इंग्रजी अमलात आपल्याकडेही वाटली. मला तरी ही खरी हकिगत त्या दंतकथेपेक्षा जास्त रंगतदार वाटते.

दुसरी गोष्ट १९३६ची. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथे आलं आणि त्याने भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, मल्लखांबासह. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये काढलेल्या संस्थेतली ती पोरं. बोटीचा प्रवास, परका देश, ओळखीचं कुणी नाही, वाटेत जेवणाची काय आबाळ झाली असेल कोण जाणे. आपल्या आधी नव्वद वर्षं जर्मनीत पाय ठेवलेला हा मराठी विद्यार्थ्यांचा जथा, त्याची आठवण आपल्या मंडळाच्या कुठल्याच फलकावर नाही. ती जरूर ठेवावी. फक्त हिटलरने किती कौतुक केलं, हे शेपूट कापून टाकावं. इथल्या पोरांसमोर ते अभिमानाने सांगितलं की खोलीत शांतता पसरते, आणि ती शांतता रास्तच असते.

आता टिकण्याबद्दल. विद्यार्थी दोन वर्षांचा पाहुणा. दादरचा मुलगा थिसिस संपवून हॅम्बुर्गला नोकरीला गेला, मेकॅनिकलवाला श्टुटगार्टला, साताऱ्याची एक मुलगी परत घरी. मी राहिले, पण माझ्या मंगळवारांवर ऑफिसचा हात पडतो. अशा वेळी आपल्याकडचा कोणताही उपक्रम बसतो. हा बसला नाही, कारण व्यायामशाळेची किल्ली एका पन्नाशीच्या बव्हेरियन शिक्षिकेकडे आहे. तिला ना वारसा सांभाळायचाय, ना मातृभूमीची आठवण येते. तिला दसरंग हा प्रकार नीट जमत नाही याचा राग येतो, म्हणून ती येते. नवीन आलेल्या कोल्हापूरच्या मुलाला अढी कशी घालायची हे गेल्या हिवाळ्यात तिने शिकवलं. तो दोन मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, ‘ताई, हे आईला कसं सांगू?’ ताई मी होते, आणि मलाही उत्तर सुचलं नाही.

आपण परदेशात कला ‘जपतो’ असं म्हणतो तेव्हा बहुधा तिला वर्षातून एकदा पेटीतून काढतो. मल्लखांबाला तसं ठेवता येत नाही. दोन महिने दोरी धरली नाही तर दोरीच ओळख दाखवत नाही. आणि खेळ म्हणून तो सुदैवाने आता एकट्या महाराष्ट्राचा राहिलेलाही नाही. मध्य प्रदेशाने २०१३ मध्येच त्याला राज्याचा खेळ करून टाकलं, आपण तेव्हा काय करत होतो विचारू नका. २०१९च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली, तीत पंधरा देश उतरले. हिमानी परबला २०२१चा आणि सागर ओव्हाळकरला २०२२चा अर्जुन पुरस्कार मिळाला. ज्यांच्यामुळे हा खेळ कितीतरी देशांतल्या लोकांच्या हातापायांत उतरला, त्या उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या दिवशी आमच्या व्यायामशाळेत पेढे नव्हते, कुणीतरी बेकरीतून प्रेट्झेल आणले.

आणि त्या मंगळवारांनी विद्यार्थ्यांना काय दिलं? साडेनऊनंतर कोपऱ्यावरच्या बिअरगार्डनमध्ये लांब बाकावर बसून ही मुलं ज्या जर्मनमध्ये भांडतात, ती भाषेच्या वर्गात मिळत नाही. एकीला त्या बाकावरून राहायला खोली मिळाली, एकाला इंटर्नशिप, एकाला बायको. वर्गात सगळ्यांच्या मागे बसणारा, नापास व्हायच्या भीतीने रात्री न झोपणारा तेवीस वर्षांचा मुलगा तिथे सुताराचा आणि शिक्षिकेचा गुरू असतो. लोक त्याचं ऐकतात, कारण वळसा चुकला तर पडायला होतं. परदेशात शिकणाऱ्या मुलाला कौतुकाची कमतरता नसते, घरून रोज फोनवर मिळतं. त्याच्यावाचून कुणाचं तरी अडावं, असं मात्र क्वचितच घडतं.

कार्यकारिणीकडे एवढंच मागणं. यंदा व्यासपीठावरची दहा मिनिटं पाचवर आणली तरी चालेल, पण आमच्या जाड मॅटा फाटल्यात, त्यांच्या खर्चातला अर्धा वाटा मंडळाने उचलावा. अर्धा फेराइन देतोय. कार्यक्रमात मराठी नसलेल्या सभासदांनाही दोरीवर घ्यावं, त्यांना ‘पाहुणे कलाकार’ म्हणू नये. ऑक्टोबरात नवं सत्र सुरू झालं की मंडळाकडे नवीन विद्यार्थ्यांची यादी येते, त्यांना जेवणाच्या आमंत्रणाबरोबर मंगळवारचा पत्ताही कळवावा. अनुभव लागत नाही. नखं कापलेली असावीत, अंगठी आणि घड्याळ घरी ठेवावं, लांब केस बांधावेत आणि यायच्या आधी दोन तास पोटभर जेवू नये. दिवाळीला कुणी भारतात जाऊन येणार असेल आणि बॅगेत चकल्यांमधून जागा उरणार असेल, तर सुती दोर आणावा, साडेपाच मीटरचा. पैसे लगेच देऊ.