ड्रॅगनचा रंग आणि नागाचा वर्ण

अद्भुतरम्य साहित्यात ड्रॅगनचा रंग हा केवळ वर्णनाचा तपशील नसतो. तो स्वभावाचे पूर्वविधान असतो. १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने या संकेताला नियमाचे रूप दिले. लाल ड्रॅगन आग ओकतो, पांढरा गारठा, निळा वीज, काळा आम्ल, हिरवा विषारी वायू. खेळाच्या स्थिरावलेल्या रूपात हे पाचही दुष्ट, तर सोने, चांदी, तांबे, पितळ, कांस्य या धातूंच्या रंगांचे ड्रॅगन सज्जन ठरले. रंग पाहावा आणि तलवार उपसावी, इतकी ही व्यवस्था सोयीची आहे; म्हणूनच ती तपासून घ्यावी लागते.

भोर-वेल्ह्याच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ड्रॅगन भेटतो तो हॅरी पॉटरच्या अनुवादांतून किंवा मोबाईलवरील खेळांतून. प्राणी परका असला, तरी रंगावरून जात ठरविण्याची रीत परकी नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मोत्या-चांदीच्या झळाळीचे व सोनेरी सर्प ब्राह्मण मानले आहेत. म्हशीच्या वा बिबट्याच्या रंगाचे, खरबरीत कातडीचे सर्प शूद्र. मौल्यवान धातूंची कांती वरच्या स्थानी ठेवण्याची ही मांडणी अमेरिकन खेळाशी चकित करण्याइतकी जुळते. अर्थात येथे परस्परप्रभाव शोधणे व्यर्थ होय. ‘वर्ण’ या एकाच शब्दात रंग आणि सामाजिक श्रेणी दोन्ही सामावणाऱ्या भाषेच्या वाचकाला या साम्याकडे निव्वळ गंमत म्हणून पाहता येणार नाही.

महाभारताच्या आदिपर्वातील कद्रू-विनतेची कथा मात्र वेगळ्या वाटेने जाते. उच्चैःश्रवा शुभ्र, पण त्याचे शेपूट काळे, अशी पैज कद्रू लावते. हरणारीने दासी व्हावयाचे असते. पैज जिंकण्यासाठी ती पुत्रांना काळे केस होऊन शेपटाला चिकटण्याची आज्ञा करते आणि न ऐकणाऱ्यांना जनमेजयाच्या सर्पसत्रात जळून मरण्याचा शाप देते. येथील काळेपणा हा नागांचा स्वभाव नव्हे, आज्ञेने करावयाचे कपट आहे. आणि शाप वाट्याला येतो तो कपट नाकारणाऱ्यांच्या. रंगावरून नीती ठरविणाऱ्या वाचनाला ही कथा दादच देत नाही.

खेळाच्या अलीकडील आवृत्त्यांनीही ड्रॅगनच्या स्वभावाचे बंधन सैल केले आहे. नागपंचमीच्या पाटावरील नागाला तर ते कधी नव्हतेच. गंध हाताशी असेल तर तो गंधाचा, हळद असेल तर पिवळा.