रॅगिंगच्या व्याख्येतील क्रियापदे : एक टीकात्मक वाचन

प्रवेश घेताना तुम्ही रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रावर सही केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांतील कलम 3, म्हणजे रॅगिंगची व्याख्या, आपण वाचली आहे असे त्यात लिहिलेले असते. आज ते कलम भाषेच्या अंगाने वाचू.

'भाग पाडणे' यासाठी इंग्रजीत अनेक क्रियापदे आहेत. 'फोर्स'मध्ये बळ आहे. 'कम्पेल'मध्ये परिस्थितीचाही रेटा येतो. 'कोअर्स'मध्ये धमकी असते, 'प्रेशर'मध्ये सततचा तगादा. रचनाही वेगळ्या : 'फोर्स्ड मी टू सिंग', पण 'कोअर्स्ड मी इंटू सिंगिंग'. 'मेड मी सिंग' यात 'टू' नाही. कर्मणी प्रयोगात मात्र तो परत येतो : 'आय वॉज मेड टू सिंग'.

नको ते काम करायला लावण्याबद्दलच्या उपकलमात यांपैकी एकही क्रियापद नाही. तिथे साधे 'आस्किंग' आहे. एरवी विद्यार्थी जे करणार नाही ते करायला सांगितले आणि त्यातून त्याला लाज वा त्रास होऊन शरीरावर किंवा मनावर वाईट परिणाम झाला, की ते रॅगिंग. ही निवड अचूक आहे. वसतिगृहात सीनियरला दमदाटी करावी लागत नाही. त्याचे 'सांगणे' हाच दाब असतो. महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्यातही हेच क्रियापद आहे, पण तिथे 'विलिंगली' हा शब्द जोडला आहे. त्यामुळे 'तो तर हसत हसत नाचला' अशा बचावाला वाव मिळू शकतो. आयोगाने तो शब्द टाळला, हे बरे केले.

एक दोष मात्र खटकतो. पैशांच्या कलमात 'फोर्सफुल एक्स्पेंडिचर' असे आहे. 'फोर्सफुल' म्हणजे जोरदार, प्रभावी. भाषण फोर्सफुल असते. लादलेल्या खर्चाला 'फोर्स्ड' हवे. शेजारचे 'एक्स्टॉर्शन' योग्य आहे. त्याचे क्रियापद वापरताना लक्षात ठेवा : 'एक्स्टॉर्ट'चे कर्म पैसा असते, माणूस नव्हे.

याचा उपयोग तक्रार लिहिताना होतो. 'मला कोणी फोर्स केले नाही, मग तक्रार कशी करू?' असे म्हणून अनेक जण गप्प बसतात. जबरदस्ती सिद्ध करण्याचे ओझे स्वतःवर घेऊ नका. कोणी, काय, किती वेळा सांगितले आणि त्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला, एवढे नेमके लिहा. त्यासाठी 'आस्क्ड' हे क्रियापद पुरेसे आहे.