देवळाला रंग देताना

जीर्णोद्धाराच्या उत्साहात अलीकडे गावोगावच्या देवळांना जे रंग दिले जातात, ते पाहून मन प्रसन्न होण्याऐवजी डोळेच शिणतात. शिखर गुलाबी, खांब निळे, कमानी पोपटी आणि कलशाखाली जांभळा पट्टा, अशी ही योजना. देणाऱ्यांच्या भक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो रंगविवेकाचा. दुकानातील तक्त्यावर सुंदर दिसला म्हणून प्रत्येक रंग निवडला गेला; तो शेजारच्या रंगाशी कसा नांदेल, याचा विचार मात्र झाला नाही.

वस्तुतः रंगशास्त्राचे मर्म या शेजारातच आहे. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे काळ्या सुताविषयी तक्रार आली होती. निळ्या छटांलगत ते निस्तेज दिसे. तपासाअंती दोष रंगात नसून सान्निध्यात असल्याचे त्यांना आढळले. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी त्याचा नियमच सांगितला : लगतचे दोन रंग परस्परांचे रूप पालटतात आणि त्यांच्यातील भेद डोळ्याला अधिक तीव्र भासतो. तांबड्यालगत हिरवा खुलतो, तो याच कारणाने.

आपल्या परंपरेलाही हा विचार परका नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात पांढरा, पिवळा, निळा व तांबडा हे मूळ रंग मानून त्यांच्या मिश्रणांची नावे दिली आहेत. शिवाय रसांनाही रंग वाटून दिले आहेत : शृंगाराला श्याम, रौद्राला रक्त, अद्भुताला पीत. म्हणजे ‘कोणता रंग छान?’ हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही; कोणत्या भावासाठी कोणता रंग, हा प्रश्न आहे. देवळात शिरणाऱ्याच्या चित्ताला कोणता भाव यावा, हे ज्यांनी ठरवलेले नाही, त्यांनी रंगाचा डबा उघडू नये.

सावरगावच्या परिसरात तर निसर्गच हा पाठ देतो. काळ्या मातीवर फुटलेला पांढरा कापूस, गर्द पानांत लगडलेली संत्री, फाल्गुनात निष्पर्ण फांद्यांवर पेटलेला पळस; प्रत्येक ठिकाणी झळाळणारा रंग थोडका आणि त्याला उठाव देणारी भूमी विस्तीर्ण. सौंसर तालुक्यातील जामसावळीच्या मारुतीचा शेंदूर घ्या. शेंदूर काही सौम्य रंग नव्हे. तथापि तो मूर्तीचा म्हणून राखून ठेवला, तरच नजर थेट तेथे जाऊन स्थिरावते. भोवतालच्या भिंतीही तितक्याच भडक केल्या, तर देवाचा रंग गर्दीत हरवतो. ‘लोकांना भडकच आवडते’ या युक्तिवादाला हेच उत्तर आहे. भडकपणा हा दोष नाही. तो सर्वत्र वाटून टाकणे हा दोष आहे.

या संयमाचा उत्कृष्ट नमुना म्हणजे गोवा, सिंधुदुर्ग व उत्तर कानडा येथील देवळांतील काव-काम. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. रंग दोनच, परंतु वेली, पक्षी, देवदेवता सारे त्यांत अवतरते. ती तांबडी माती त्या भूमीचीच असल्यामुळे देऊळ परिसरातून उगवल्यासारखे वाटते. दोन रंगांत जे साधले, ते दहा रंगांत का साधत नाही, याचा विचार आजच्या देवस्थान समित्यांनी अवश्य करावा.

निवडीचा मार्ग अवघड नाही. जे बदलता येत नाही त्याची प्रथम नोंद घ्यावी : दगडाचा रंग, मूर्तीचा शेंदूर, ध्वजाचा भगवा. मग एक प्रधान रंग, एक साहाय्यक आणि उठावासाठी अगदी थोडा तिसरा. हातभर तुकडा रंगवून तो सकाळी, भर दुपारी आणि समईच्या उजेडात पाहावा. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात निळा मंदावतो, हे तेव्हाच कळते. आणि देऊळ जुन्या दगडाचे असेल, तर तैलरंग लावूच नये. त्याच्या लेपाने दगडातील ओल कोंडते, कोरीव कामाच्या कडा बुजतात, आणि तो पुढे खरवडताना शिल्पही झिजते. कापडाचा रंग चुकला तर कापड बदलता येते. दगडाचे तसे नाही.