आमचं गाणं, त्यांचा कॅमेरा



ज्याची झोपडी आत्ताच मोडलीय त्याच्यासमोर कॅमेरा धरून उभं राहायचं, याला काय म्हणायचं? कला, चळवळ की धंदा? आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये हा सवाल एक बाईच विचारते. मुंबईत झोपड्या तोडताहेत आणि ही बाई पोलिसांना सोडून कॅमेऱ्यावरच उलटते. तुम्ही चित्रं काढणार, नाव कमावणार, आमच्या पदरात काय पडणार, असा तिचा रोख. दुसरा कोण असता तर हे दृश्य कापून टाकलं असतं. पटवर्धनांनी ठेवलं. माझं म्हणणं असं की त्यांची पुढची ४० वर्षं या बाईला उत्तर देण्यातच गेली. काही ठिकाणी उत्तर आलं, काही ठिकाणी नाही.

हा माणूस आपल्या वस्तीतला नव्हे. १९५० चा मुंबईचा जन्म, स्वातंत्र्यलढ्यातलं घर, अच्युतराव पटवर्धन चुलते, शिक्षण अमेरिका-कॅनडात. या घरावर त्यांनी २०२३ साली ‘वसुधैव कुटुंबकम्’ केली. सुरुवात मात्र १९७४ च्या बिहार आंदोलनापासून. आणीबाणीनंतर कैद्यांवर ‘जमीर के बंदी’. १९९२ ची ‘राम के नाम’ : अयोध्येचे पुजारी लालदास तीत मंदिरवाल्यांच्या विरोधात बोलले आणि १९९३ साली त्यांचा खून झाला. ‘जंग और अमन’ सेन्सॉरने अडवली, कोर्टात जाऊन सोडवावी लागली. सरकार कुठलंही असो, या माणसाला कोर्टाची पायरी चुकली नाही. आणि नुसता कॅमेराच नव्हे. १९८६ साली मुंबईत संजय गांधी नगर तोडलं तेव्हा झोपडीवाल्यांबरोबर उपोषणाला बसलेल्यांत पटवर्धन होते. हे बाईला दिलेलं पहिलं उत्तर.

पण खरं उत्तर त्यांना आपल्याच एका माणसाकडून शिकावं लागलं. ‘हमारा शहर’मध्ये गाणारा शाहीर विलास घोगरे. त्या फिल्ममध्ये तो गरिबांचा आवाज आहे, बस्स. गरीब कोण, झोपडीत कोण राहतो, गटारात कोण उतरतो, हे तिथं उघडून सांगितलेलं नाही. डाव्यांची ही जुनी खोड. पोट दिसतं, जात दिसत नाही.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला. लोक रस्त्यावर आले आणि राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. १० माणसं मेली. चार दिवसांनी घोगरेंनी कपाळाला निळी पट्टी बांधून गळफास घेतला. लाल झेंड्याखाली गाणी गायलेला माणूस, ज्याला त्याच्याच संघटनेनं काढून टाकलेलं, तो मरताना निळं का बांधतो? पटवर्धन या प्रश्नामागे १४ वर्षं फिरले. २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ झाली, आणि २०१२ च्या जानेवारीत ती भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, आपल्याच माणसांपुढं दाखवली.

आम्ही ती समाजमंदिरात चादर बांधून बघितली. तीन तासांच्या वर लांबी. दुसरी पाळी करून आलेली पोरं घोरतील असं वाटलं होतं. कोण झोपलं नाही. गाणं लागलं की मागं बसलेल्या म्हाताऱ्या बायांचे ओठ हलायचे. आपली जलशाची, भीमगीताची परंपरा विद्यापीठवाल्यांनी लोककला म्हणून कपाटात ठेवली. या फिल्ममध्ये ती कोर्टातल्या पुराव्यासारखी उभी राहते. पोलीस म्हणतात लोक गॅसचे टँकर पेटवायला निघालेले. फिल्म टँकर कुठं होते आणि माणसं कुठं मेली ते दाखवते. एका फौजदाराला २००९ साली जन्मठेप होते आणि तो जामिनावर बाहेर येतो, हेही आपण बघतो. मग कबीर कला मंच, शीतल साठे, तिची आई. गाणाऱ्या पोरांना भूमिगत व्हावं लागतं. त्यांच्या बचाव समितीतही पटवर्धन होते.

आता माझी तक्रार. या फिल्ममध्ये आपण रडतो, गातो, भडकतो. पण रात्री दिव्याखाली वाचत बसलेला आपला माणूस कमी दिसतो. ६ डिसेंबरच्या गर्दीवर नाक मुरडणारे दादरचे पांढरपेशे दिसतात, ते बरोबरच. पण त्याच गर्दीतून पुस्तकांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन गावाकडं परतणारी बाई मला जास्त वेळ बघायची होती. आणि ‘जय भीम’ला ‘कॉम्रेड’ जोडल्याशिवाय काम होणार नाही, हे फिल्मनं आधीच ठरवलंय की काय, असं वाटत राहतं. घोगरेंनी शेवटी निळी पट्टी बांधली. त्यांचं उत्तर त्यांनी दिलं होतं. आपण त्यावर चर्चा करतोय.

२०१८ ची ‘विवेक’ तर आपल्या दारात येते. १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात कॉम्रेड पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. ‘शिवाजी कोण होता?’ लिहिणारा माणूस शाहूंच्या गावात मारला जातो! ही फिल्म केरळच्या महोत्सवात दाखवायची तर २०१९ साली परत कोर्टात जावं लागलं. ‘विवेक’ धाडसी आहे, पण तीत पटवर्धन समजावून सांगतात जास्त. ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये ते ऐकत होते. मला ऐकणारे पटवर्धन मोठे वाटतात.

आता कॅमेरा आपल्या हातातपण आलाय. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या सोमनाथ वाघमारेंनी २०१७ साली भीमा कोरेगाववर फिल्म केली, पुढं ‘चैत्यभूमी’ केली. तिथं कोण बाहेरचा येऊन आपल्याला समजून घेत नाही. आपणच आपल्याकडं बघतोय. पण भावांनो, खिशात मोबाईल आहे म्हणून फिल्म होत नाही. आपण जयंतीची मिरवणूक काढतो, डीजेसकट शूट करतो आणि दुसऱ्या दिवशी पुसून टाकतो. पटवर्धनांनी एका शाहिरासाठी १४ वर्षं दिली. आपण आपल्या गल्लीतल्या शाहिराला एक दुपार दिलीय काय?

२१ आणि २२ मार्च १९२० ची माणगाव परिषद याच जिल्ह्यात झाली. शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मांडवात. ज्यांनी तो मांडव बघितला ती माणसं गेली. त्यांच्याकडून ऐकलेली माणसंपण आता ऐंशी-नव्वदच्या घरात आहेत. त्यांच्या तोंडची गाणी कुठल्याच पुस्तकात नाहीत. ती नोंदवायला पुन्हा एखादा पटवर्धन मुंबईहून येईल म्हणून वाट बघायची काय? त्या बाईनं विचारलेला सवाल आता आपल्याला लागू होतो.