वाकळ आणि विणचित्रे

आमच्या पाटणच्या बाजूला लुगडे विटले, विरले, तरी ते घराबाहेर जात नाही. वाकळेत उतरते आणि नातवंडांच्या अंगावर येते. वाकळ ही पांघरायची वस्तू, पाहायची नव्हे. म्हणून मोनिका कोरिया यांची विणचित्रे भिंतीवर टांगलेली पाहिली, ती काहीशी अढी धरूनच, हे कबूल केले पाहिजे.

या बाईंचा जन्म १९३८ चा, मुंबईचा. हातमागावर उभे धागे फणीच्या दातांत अडकलेले असतात. आपली जागा सोडायची त्यांना मुभा नसते. बाईंनी विणता विणता ती फणीच काढून घेतली. धागे वळले, एकमेकांकडे सरकले, दुरावले, मध्येच फट पडली.

कुटुंबाची आठवण विणायची म्हणजे आई, अंगण, तुळशीवृंदावन काढायचे, अशी आपली समजूत. येथे तसले काही शोधू नये. मला मात्र त्या वाकलेल्या धाग्यांत आमची भावकीच दिसली. एकाच मागावर चढलेली, वाटणीनंतर पांगलेली, तरी टोकांना बांधलेली! कथानकाविना एवढे सांगता येते, याचा आम्हां कादंबरीवाल्यांनी हेवा करावा.

एक उणीव मात्र जाणवते. येथला सैलपणा निवडून आणलेला आहे. माझ्या आईच्या वाकळेत वडिलांच्या धोतराचा काठ आहे; ते गेले त्या वर्षी तो तिने लावला. दुसरे फडके घरात नव्हते. त्या काठावर हात फिरवता येतो. प्रदर्शनात हात लावायला मनाई असते.