गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगातील शिरकाव : रेणवीय संशोधनाची एक चिकित्सा

प्रास्ताविक :
गर्भाशयाच्या आतील अस्तराचा, म्हणजे एंडोमेट्रियमचा कर्करोग अस्तरापुरता मर्यादित असेल तर शस्त्रक्रियेने बहुधा आटोक्यात येतो. तो लगतच्या स्नायुस्तरात किती खोल शिरला आहे, यावर पुढील उपचार बऱ्याच अंशी ठरत आले आहेत. २००९ च्या फिगो वर्गीकरणात स्नायुस्तराच्या निम्म्याहून कमी जाडीत शिरलेली गाठ ‘एक-अ’, तर निम्मी वा अधिक जाडी व्यापणारी ‘एक-ब’ मानली गेली. म्हणूनच पेशी स्नायूत कशा शिरतात हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही; किरणोपचार घ्यावेत की नाही, या रुग्ण स्त्रीपुढील प्रश्नाशी तो जोडलेला आहे. या विषयावर विपुल लेखन झाले असले तरी त्यातील बऱ्याच निष्कर्षांना पुराव्याचे पुरेसे पाठबळ नाही, असे आमचे मत आहे.

प्रचलित मांडणी :
सर्वसाधारण मांडणी अशी : ई-कॅडहेरिन हे प्रथिन पेशींना एकमेकींशी जखडून ठेवते. ट्विस्ट, स्नेल यांसारखी नियंत्रक प्रथिने त्याची निर्मिती दाबतात. पेशी सुट्या व चल होतात आणि एमएमपी गटातील विकरे भोवतालची जाळी कापून त्यांना वाट करून देतात. पीटेन जनुक निकामी झाल्याने पीआय३के-एकेटी मार्ग अनिर्बंध चालतो व या घडामोडींना बळ मिळते. पुरावा म्हणून इशिकावा किंवा एचईसी-१ए या पेशीवंशांवरील प्रयोग दिले जातात. एखादे जनुक दाबले, मॅट्रिजेलचा थर ओलांडणाऱ्या पेशी कमी झाल्या, की ते जनुक ‘शिरकावाची यंत्रणा’ ठरते.

आक्षेप :
पहिला आक्षेप उत्परिवर्तनांविषयी. २०१८ मध्ये जपानमधील आणि २०२० मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी दाखवून दिले की, निरोगी अस्तरातील ग्रंथींमध्येही पीआयके३सीएसारख्या कर्करोगकारक जनुकांतील उत्परिवर्तने आढळतात. त्या ग्रंथी आपली जागा सोडत नाहीत. तेव्हा केवळ उत्परिवर्तनाने शिरकावाचा उलगडा होत नाही. एमएमपीचेही तसेच. मासिक पाळीत निरोगी अस्तर ती विकरे स्वतःच निर्माण करते.

दुसरा आक्षेप परिस्थितीविषयी. मॅट्रिजेल उंदराच्या गाठीपासून मिळवतात. ते आधारपटलाशी मिळतेजुळते असते, स्नायूशी नव्हे. गर्भाशयात मात्र अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये वेगळा थरच नाही. ॲडेनोमायोसिसमध्ये तर कर्करोग नसतानाही अस्तराच्या ग्रंथी स्नायूत आढळतात. स्नायूच नसलेल्या प्रयोगातून स्नायूतील शिरकावाचा निष्कर्ष काढणे म्हणजे विहिरीत न उतरता पोहण्याची परीक्षा घेणे होय.

तिसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. २०१२ मध्ये डीएनए तपासणीत असे आढळले की, निरोगी अस्तराच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या काही पेशी प्रत्यक्षात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या हेला पेशी, तर काही स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशी होत्या. अशा पेशींशी केलेल्या तुलनेला अर्थ उरत नाही.

चौथा आक्षेप असा की, शिरकावाची खोली आणि रोगाची घातकता एकच मानली जाते. २०१३ च्या टीसीजीए प्रकल्पात ३७३ गाठींच्या अभ्यासातून चार रेणवीय गट पुढे आले. त्यांपैकी पोल जनुकात उत्परिवर्तन असलेल्या गटाचे भवितव्य उत्तम आढळले. २०२३ च्या फिगो वर्गीकरणात या गटाची गर्भाशयापुरती मर्यादित गाठ, ती खोल शिरलेली असली तरी, आरंभीच्या अवस्थेत धरली जाते. उलट पी५३ बिघडलेली गाठ स्नायूत थोडी शिरली तरी वरच्या अवस्थेत जाते.

जमेची बाजू :
सर्वच संशोधन असे नाही. २००३ मध्ये विकृतिशास्त्रज्ञांनी ‘मेल्फ’ नावाचा शिरकावाचा एक प्रकार वर्णिला. यात गाठीच्या स्नायूकडील कडेला ग्रंथी लांबट होऊन तुटतात आणि लहान पुंजक्यांनी विखुरतात. लसिकाग्रंथींतील प्रसाराशी त्याचा संबंध आढळला आहे. येथे निरीक्षण रुग्णाच्या प्रत्यक्ष ऊतीवर, नेमक्या शिरकावाच्या जागी झाले. ई-कॅडहेरिन घटण्याची चर्चा अशा ठिकाणी सार्थ ठरते.

निष्कर्ष :
वरील रेणू निरर्थक आहेत, असे आमचे म्हणणे नाही. ‘सहभाग’ आणि ‘कारण’ यांतील फरक पाळला जावा, एवढाच आग्रह आहे. एकाच गाठीचा मध्यभाग व शिरकावाची कड यांची तुलना, स्नायुपेशींसह केलेले प्रयोग आणि पेशीवंशांची आधी ओळखतपासणी या तीन गोष्टी किमान आवश्यक आहेत. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी कोणताही शोधनिबंध वाचताना प्रथम विचारावे : येथे स्नायू कोठे आहे? उत्तर न मिळाल्यास निष्कर्ष जपून स्वीकारावा. कारण त्याचा भार शेवटी एखाद्या स्त्रीच्या उपचारांवर पडणार असतो.